चाळीस सरांच्या शेवटच्या प्रवासाचा वेग

नाव ओळखपत्रावरून उतरवून घेतले आहे. वय चौपन्न वर्षे, धंदा वार्ताहर, राहणार वाहनशिक्षण शाळेच्या वरचा मजला, मागच्या दोन खोल्या.

वाहतूक न्यायालयाच्या हुकमावरून मला ठाण्यात बोलावण्यात आले. मी स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे की, वरील शाळा माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादांची. गेल्या महिन्याच्या सोळा तारखेस पहाटे इस्पितळात त्यांचे निधन झाले. त्याच सकाळी शववाहिनीतून त्यांना स्मशानभूमीकडे नेत असता उड्डाणपुलावरच्या कॅमेऱ्याने गाडीचा वेग टिपला व चालकाच्या नावे अतिवेगाचे चलान निघाले. शववाहिनीस घाई असण्याचे कारण काय, असे हवालदारांनी विचारले. प्रश्न रास्त आहे.

दादांनी गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवली. स्वतः ते कधी ताशी चाळीसच्या वर गेले नाहीत, म्हणून विद्यार्थी त्यांना चाळीस सर म्हणत. त्यांचे ब्रीद 'शनैः शनैः' असे होते. घरात त्याचा अर्थ 'आज काही आपण पोचत नाही' असा घेतला जाई. शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. आमची घरची गाडीही तीच. वहिनी, म्हणजे दादांची पत्नी, दादांकडूनच गाडी शिकल्या. शिकून परवाना मिळाला, तरी दादा शेजारी बसत ते उजवा पाय त्या ब्रेकवर ठेवूनच. काटा चाळीसला टेकला की गाडी हळू होई. वहिनी म्हणत, "लग्नाला तीस वर्षं झाली, माझी शिकवणी काही संपेना." दादा म्हणत, "एकदा मोकळा रस्ता मिळू दे, काढतो पाय."

शववाहिनीचा चालकही दादांचाच विद्यार्थी. त्याने न्यायालयात चलान अमान्य केले. "मागे सर असताना मी चाळीसच्या वर जाईन का?" असे तो न्यायाधीशांना म्हणाला. त्यांना ते पटल्यासारखे दिसले. तथापि कॅमेरा तपासायला पाठवण्यात आला व तो निर्दोष ठरला. यंत्रांना ते जमते. मग गाडीतल्या माणसांचे जबाब घेण्याचा हुकूम झाला. चालकाचे हे तिसरे चलान आहे. कायम झाल्यास परवाना जाईल, आणि त्याच्यापाशी दुसरी विद्या नाही.

न्यायालयाच्या व्हरांड्यात तो मला म्हणाला, "काका, तुम्ही फक्त गाडी हळू होती म्हणा. काकूंचं नाव नका घेऊ. लोक काय म्हणतील त्यांना?"

मी म्हणालो, "आणि तुला खोटारडा म्हणतील, त्याचं काय?"

"माझं सोडा. माझ्या गिऱ्हाइकांनी आजवर तक्रार केलेली नाही."

हे बोलणे मी घरी येऊन वहिनींच्या कानावर घातले. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, जन्मभर लोकांच्या घरच्या बातम्या दिल्यात. एकदा आपल्या घरची द्या." म्हणून सांगतो.

त्या सकाळी वहिनी पुढे, चालकाच्या डावीकडे बसल्या होत्या. मी मागे, दादांच्या पायांशी होतो. त्यांचे पाय मागच्या दाराकडे होते. मधल्या खिडकीतून पुढचे बोलणे मला ऐकू येत होते. पुलाच्या चढापर्यंत गाडी रीतसर हळू चालली होती. पूल रिकामा होता.

वहिनी म्हणाल्या, "रस्ता मोकळा आहे ना रे?"

चालक म्हणाला, "हो, काकू."

"मग घे की जोरात. आज त्यांचा पाय ब्रेकवर नाही."

चालकाने आरशातून माझ्याकडे पाहिले. मी नको म्हणालो नाही. पूल उतरताना वहिनी स्वतःच "पुरे" म्हणाल्या. पुढचा सबंध रस्ता चालकाने इतका हळू कापला की सायकलवाले पुढे गेले.

तेव्हा कॅमेरा खरा आहे. चालक खोटे बोलला, पण परवान्यासाठी नव्हे.

वहिनी आज माझ्यासोबत आल्या असून त्यांचाही जबाब व्हायचा आहे. त्यांनी स्वतःचा परवाना टेबलावर ठेवला व चालकाऐवजी हा जमा करा म्हणाल्या. हवालदार म्हणाले, "आजी, कायद्यात अशी सोय नाही."

"आजी कुणाला म्हणतोस? परवान्यावरचा फोटो बघ आधी."

सोय नसल्याचे त्यांना पुन्हा समजावून सांगण्यात आले. परवाना अजून टेबलावर आहे.

वेग किती होता, असे मला विचारण्यात आले. मागून काटा दिसत नव्हता. मग तो चाळीसच्या वर होता हे कशावरून, असे विचारता सांगतो की, गाडीने वेग घेतला तसे दादा किंचित मागे सरकले व त्यांचे दोन्ही पाय माझ्या तळहातांवर येऊन टेकले. मी धरून राहिलो. उजव्या पायाचा दाब अधिक होता. वहिनी "पुरे" म्हणाल्या, गाडी हळू झाली, तसा तो सैल पडला. हे गतीच्या नियमाने होते, इतपत मला कळते. तरीही वेग चाळीसच्या वर होता याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

गतीचा नियम आणि माझी खात्री, हे शेवटचे दोन्ही मुद्दे लिहू का, असे हवालदारांनी विचारले. लिहा म्हणालो.

वरचा सगळा मजकूर मला, आणि माझ्या विनंतीवरून वहिनींना, मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. हवालदार फार सावकाश वाचत होते. वहिनींनी त्यांना घाई केली नाही.