जियानानं भरलेली पिशवी

एडिसनच्या वाणसामानाच्या दुकानात बिलाची रांग खोळंबली होती. पुढच्या दोघी नणंद-भावजयांचं वसईकडचं मराठी कानावर पडलं, तशी कांतामावशींना नर्सिंगच्या होस्टेलमधली फिलोमिना आठवली आणि त्या अंमळ पुढे सरकल्या.

"वहिनी, शनिवारी गर्भपाताच्या क्लिनिकसमोर निदर्शनाला दिसली नाहीस. तुझा बोर्ड मीच धरला, 'प्रत्येक बाळ हवंय'वाला."

"जियाना घर सोडून निघाली होती गं."

"सहा वर्षांची पोर? काहीतरीच काय!"

"आदल्या दिवशी आमच्याकडे सांभाळायला आलेली मिया शाळेतून आली आणि जियानानं तिला ढकललं. मी जाम ओरडले. नंतर वर जाऊन बघते, तर ही कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कपडे भरतेय. सरकार आमच्याकडे सांभाळायला पाठवतं ती फॉस्टरची मुलं तशीच पिशवी घेऊन येतात ना, आणि तशीच पुढच्या घरी जातात."

"अरे देवा!"

"मला विचारते, 'मम्मी, पुढच्या घरची मम्मीपण तुझ्यासारखी शाळेत न पाठवता घरीच शिकवते का?'"

"मग जवळ घेऊन सांगायचं ना, तू माझ्या पोटची आहेस, तुला कोण नेणार?"

"अगदी ओठांवर आलं होतं. पण मिया दारात उभी होती."

रांग पुढे सरकली. दोघी जागच्या हलल्या नाहीत. मागे कांतामावशीही तशाच उभ्या राहिल्या.

"मिया काय म्हणाली?"

"आत आली, जमिनीवर बसली आणि तिनं पिशवी सगळी रिकामी केली. मला वाटलं, बरं झालं, समजूत काढतेय. तर जियानाला म्हणाली, 'अजून एक पिशवी आण. एकीत दुसरी घालायची. एकटी पिशवी जिन्यातच फाटते.'"