मंगलचा मोडलेला सोमवार

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. देवासाठी देहाला उपाशी मारलं, तर ते देवाला पोचतं का? लगेच मान हलवू नका. आधी मंगलची गोष्ट ऐका.

धरणाच्या पाण्याला लागून, डोंगरात एक वाडी. तिथली मंगल ढेबे. वय चोवीस. लांब पल्ल्याच्या शर्यतीत जिल्ह्यात दोनदा पहिली आलेली. श्रावणी सोमवारची सकाळ. तिची वहिनी सुरेखा पहाटेपासून अडलेली. सुईण म्हणाली, "मूल आडवं आहे. हे माझ्या हातचं नाही." दरड कोसळून रस्ता बंद, फोन बंद. दवाखान्याची लाँच तीस किलोमीटरवर, धरणाच्या भिंतीजवळ. निरोप पोचला तरच ती येणार.

मंगलने बूट बांधले. आई भाकरी घेऊन आली, "दोन घास खा, बाय."

"वहिनी सुटेपर्यंत पाणीसुद्धा नाही घेणार. महादेवाला बोललेय मी."

आणि निघाली. दोन तास नुसती पळत होती!

आता देहाचं ऐका. आपल्या यकृतात, मांड्यांत साखर साठलेली असते. जोरात पळालं की ती दोनेक तासांत संपत येते. उपाशी माणसाची त्याआधीच. मग उरते चरबी. ती आमच्यासारख्यांकडे भरपूर — हसा, हसा — पण ती जळते सावकाश. तिच्यावर चालता येतं, झपाट्याने पळता येत नाही. आणि डोक्याला तर साखरच लागते.

एकविसाव्या किलोमीटरला मंगलचे पाय शिशाचे झाले. समोर दोन वाटा. शंभरदा चाललेली ती, पण धरणाची कुठली ते आठवेना. मटकन खाली बसली.

तिथे महादेवाचं देऊळ. पूजा करणाऱ्या इंदूबाई गुरव धावत बाहेर आल्या. तिची हकिकत ऐकली, आत गेल्या आणि पिंडीपुढचा गूळभात उचलून आणला.

"खा."

"माझा सोमवार मोडेल, मावशी."

"मोडू दे. ज्याच्या नावाचा आहे, त्याच्याच पुढचं ताट आहे हे. तिकडे ती बाई तडफडतेय आणि तू नवसाला धरून बसलीस?"

मंगल रडत रडत खाऊ लागली. इंदूबाईंनी गुळाच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटं गेली. मंगल उठली, आधी चालली, मग हळूहळू पळू लागली.

लाँच दुपारी वाडीला लागली. सुरेखा वाचली. मूल गेलं.

मंगलने लाँचवरच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मी खाऊन निघाले असते तर?"

त्यांनी तिचा हात धरला. म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. तू पोचलीस म्हणून सुरेखा आहे, एवढंच सांगते."

मंडळी, मंगल अजून पळते. पण खाऊन पळते. कुणी विचारलं तर म्हणते, "देवाने पाय दिले ते मला मिरवायला नाहीत, कुणाच्या तरी उपयोगी पडायला दिलेत."

तुमच्यातही आज कुणी निर्जळी असेल. औषधाची गोळी टाळून बसलेलं असेल. त्याने स्वतःला विचारावं — माझ्या या देहावर घरात कुणाकुणाचा जीव अवलंबून आहे? आणि उत्तर मिळालं, की घरी जाऊन मुकाट्याने पानावर बसावं. तीही पूजाच आहे, बाबांनो.