पावसाळ्यात घराला धूर लागतो

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी, देवगडच्या खालच्या अंगाला. एकीकडे समुद्र, एकीकडे खाडी, आणि चार महिने वरून पाऊस, म्हणजे कोरडी अशी एक पायाखालची जमीन उरते, श्रावणात तीही उरत नाही. वडील तरीवर होते, लोकांना होडीतून या काठावरून त्या काठावर न्यायचे. घर त्यांनीच बांधलं, चिऱ्याचं, दोन खोल्या, पुढे पडवी, वर कौलं. मी मॅट्रिक झालो आणि गावच्या वाचनालयात लागलो. लोक मला मास्तर म्हणायचे, शिकवलं मी कुणालाच नाही. झाडू मारायचा, पुस्तकं द्यायची, घ्यायची, आणि उरलेल्या वेळात तीच वाचायची. उरलेला वेळ पुष्कळ असायचा.

काय सांगू तुम्हाला, आमच्याकडे पावसाळ्यात पुस्तक फुगतं. कपाटातून ओढलं तर येत नाही, शेजारच्या पुस्तकाला धरून बसतं. बांधणीवर हिरवी लव येते, आणि संतचरित्र काय नि रहस्यकथा काय, दोघांना वास एकच. मग आम्ही काय करायचो, नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली असायची, ती घमेल्यात पेटवायची, जाळ दाबून विझवायचा, आणि दारं-खिडक्या लावून खोलीत धूर कोंडायचा. घरातही तेच. चूल रोज पेटली पाहिजे, धूर वाशांना लागून कौलांच्या फटींतून बाहेर पडला पाहिजे. धूर नसला की लाकडात कीड शिरते, भिंतीवर वाळवी चढते. बंद घर एखादा पावसाळा काढतं, पुढच्याला आढं वाकतं. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही, जसं ओल्या जांभ्यावर कसं चालायचं ते शिकवत नाहीत, पडून पडून येतं.

मुलगा इथे बंगलोरला सरकारी कारखान्यात इंजिनियर. मी निवृत्त झालो तेव्हा त्याने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. कॉलनीत क्वार्टर, दुसरा मजला, इंदिरानगरच्या पलीकडे. इथल्या हवेबद्दल म्हणाल तर तक्रारीला जागाच नाही, आणि तीच माझी तक्रार. बायको तर पहिल्याच आठवड्यात फितूर झाली. मीठ कसं सुटं राहतं हो, म्हणाली, काडी पहिल्या फटक्यात पेटते, सकाळी धुतलेलं लुगडं जेवायच्या आत वाळतं. तिने उभा जन्म ओले कपडे चुलीवरच्या दोरीला टांगून वाळवलेले, तिला मी काय बोलणार.

मग जून आला. इथला जून म्हणजे संध्याकाळी तासभर पाऊस, आणि मग सगळ्यांनी पावसाचं कौतुक करत भजी खायची. पण हाताची सवय जात नाही ना. मुलाच्या कपाटातल्या पुस्तकांवरून हात फिरवला तर ती मला ओलसर लागली. ती नव्हती ओलसर, पण जूनमध्ये माझ्या हाताला सगळंच ओलसर लागतं. शेजारी शारदाक्का राहतात, त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, घरात अजून मराठी बोलतात, पण निम्मी कानडी. त्यांच्याकडून सोडणं मागून आणली. मुलगा, सून कामाला, बायको देवळात. मी घमेलं पेटवलं, जाळ मारला, दार ओढून घेतलं आणि बाल्कनीत पेपर वाचत बसलो.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून धूर निघाला की शहरात काय होतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. वॉचमनने शिट्टी फुंकली. खालच्या बाईंनी आधी टीव्ही बाहेर काढला, मग सासूला. कॉलनीचे सेक्रेटरी धावत आले, लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ, आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन. ते त्यांनी कधी वापरलेलं नसावं, कारण दारात उभं राहून त्यावरच्या इंग्रजी सूचना मोठ्याने वाचल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मग सगळं पाणी पुस्तकांच्या कपाटावर मारलं. पुस्तकं ओली झाली ती तेव्हा.

रविवारी त्यांनी सभा घेतली. स्वतःच स्वतःचं स्वागत केलं, अग्निसुरक्षेवर भाषण केलं, आणि यापुढे कॉलनीत कुणी धूर करू नये असा ठराव मांडला. शारदाक्का उठल्या, म्हणाल्या, स्वल्प धूर झाला तर काय झालं, ह्या अण्णांनी सोडणं माझ्याकडनं नेली, माझ्यावर पण ठराव करा, सरी, म्हणजे बरं? ठराव बारगळला. पण मुलगा माझ्या शेजारी मान खाली घालून बसला होता, ते मला दिसत होतं.

घरी आल्यावर त्याने विषय काढला. म्हणाला, भाऊ, आता तुम्ही परत जाण्याचं डोक्यातून काढाच. गावच्या एकाशी बोलणं झालंय, पावसाळा संपला की घर उतरवायचं, वासे, कौलं, चिरे, ज्याला हवं तो नेईल. उभ्या घराच्या हाडांची वाटणी करून आला होता आणि मला आत्ता सांगत होता. मी म्हटलं, घर चांगलं आहे, एका पावसाळ्यात धूर मिळाला तर उभं राहील, मी जातो. त्यावर त्याने एकेक मोजायला घेतलं. वीज जाते ती आठवडाभर येत नाही. डॉक्टर खाडीपलीकडे आणि पावसात होडी बंद. साप घरात येतात. तुमचे गुडघे, तुमची छाती. आणि मग म्हणाला,

"भाऊ, ती जागा माणसाने राहण्यालायक नाहीच."

मी म्हटलं, सगळं खरं आहे. एक शब्द खोटा नाही. गुडघे तिकडे दुखतात, इकडेही दुखतात. पण तू वाढलास तिथे, तुझी आई नांदली तिथे, तेव्हा काय ती जागा लायक होती? देवाने ती राहण्यालायक केलेली नाही, आम्ही रोज सकाळी चूल पेटवून करत होतो. आज तू तिला नालायक ठरवतोस, तर आम्ही इतकी वर्षं काय भिजत बसलो होतो?

तो आईकडे वळला. म्हणाला, आई, तू सांग ह्यांना. मला वाटलं, आता संपलं, ही तर मिठावर भाळलेली बाई. ती डाळ वाढत होती, वाढायची थांबली नाही.

"मी काही परत जायची नाही त्या चिखलात. पण ह्यांना अडवू नकोस. त्या घराला ह्यांच्याशिवाय कीड लागेल, आणि ह्यांना इथे."

त्या आठवड्यात मी निघालो. मुलगा रागावलेला, पण बसस्टँडवर आला, पिशवीत टॉर्च आणि औषधं घातली. बेळगावला बस बदलली, आंबोलीचा घाट धुक्यात उतरलो, आणि कपडे अंगावरच भिजले तेव्हा बरं वाटलं. शेजारचा तांडेल, मासेमारीच्या होडीचा म्होरक्या, पडवीत बिडी ओढत होता. म्हणाला, काय ओ मास्तर, इलात? जणू मी बाजारातून येतोय. दाराला फुगारा आला होता, खांदा लावून उघडलं. आत चुलीवर बुरशी, मागच्या दोन वाशांत किडीचा भुगा. लाकडं ओली, चूल पेटेना, डोळ्यांतून पाणी. मी फुंकत राहिलो. अखेर धूर वर गेला आणि कौलांवर दिसला तेव्हा तांडेलाने बाहेरून ओरडून सांगितलं, धूर निघालो, निघालो.

तेव्हापासून असंच चाललंय. पावसाळा तिकडे, दिवाळीनंतर इकडे. कॉलनीत लोकांना वाटतं नवरा-बायकोचं बिनसलंय, आम्ही वाटू देतो. मुलाने घर उतरवण्याचं पुन्हा काढलं नाही. एकदा गणपतीला आला, रात्रभर गळणाऱ्या कौलाखाली पातेलं सरकवत बसला, आणि सकाळी म्हणाला, भाऊ, माझं मत तेच आहे. म्हटलं, असू दे, पण शिडी धर. त्याने धरली.

आता पुढच्या आठवड्यात पुन्हा निघेन. वय झालंय, मला दिसतं ते. तुम्ही चांगल्या हवेत राहता, सुखात राहा, मुलाबाळांचे कपडे तुमचे असेच वेळेवर वाळोत. मुलाला मी सांगून ठेवलंय, माझ्यामागे ते घर राखायची सक्ती नाही. माझ्यानंतर पाऊस ते नेईल, नेऊ दे, त्याचीच जागा आहे ती. पण मी आहे तोवर त्याला बाहेर पागोळ्यांतच थांबावं लागेल.