मारूसोचं खमीर

आर्यिरोला चोरून ऐकायची हौस नव्हती, पण गिरणीच्या रांगेत पुढच्या दोघी बोलतच होत्या मोठ्यानं. एक स्तमातियाकाकू, दुसरी मारूसोची शहरातून आलेली नवी सून, थेआनो.

"काकू, घात झाला. सासूबाई इस्पितळात, म्हणून मी सगळं स्वयंपाकघर घासलं. खमिराच्या मडक्याला आंबूस वास येत होता, तेही धुतलं."

"धुतलंस? क्रूसाच्या सणाला देवळातली तुळस पिठावर ठेवून लावलं होतं गं तिनं ते."

"उद्या त्या घरी येतायत."

"मग रडतेस काय? माझ्याकडचं ने. गव्हाचं कोंड्यासकट पीठ नि कोमट पाणी घाल, चुलीजवळ गुंडाळून ठेव. सकाळी चिमूटभर पाण्यात टाक. तरंगलं की पाव मळायला घे."

"पण तुमचा तर त्यांच्याशी अबोला आहे."

"तिच्याशी आहे, खमिराशी कसला? भांडणाआधी तिनंच दिलेलं, त्याच मडक्यातलं. दर शनिवारी पीठ घालत आलेय त्याला."

"हे सांगू त्यांना?"

"काही सांगू नकोस. नुसता पाव वाढ. पहिल्या घासाला ओळखेल ती."

"आणि मग?"

"मग शिव्या द्यायला का होईना, माझ्या दारात येईल."