लादिनीला पाहुणा म्हणून आलेला इसम

मालवण पोलीस ठाणे
दि. २३ मे २०२५, शुक्रवार

नाव : डायलन कायतान डान्टस, वय २६ वर्षे, शिक्षण आठवी, धंदा : नोकरी (एसी डक्ट बसवणाऱ्यांच्या हाताखाली), सध्या राहणार मस्कत, ओमान, कंपनीचा कॅम्प, मूळ राहणार खुरसाकडची वाडी, तारकर्ली, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग. मोबाइल नंबर वेगळ्या कागदावर दिला आहे. तो जबाबात घालू नये अशी विनंती केली आहे.

मी आज आपण होऊन ठाण्यात आलो आहे. मला विचारले तसे आणि आठवते तसे समक्ष सांगतो ते येणेप्रमाणे :

वरील मूळ पत्त्यावर माझी आई एस्पेरांसा, वय ५९, ही एकटी राहते. वडील वारले आहेत. बहीण मेल्विना हिला दोडामार्गला दिली असून ती रोज गोव्यात कामाला जाते. मी आठवीतून शाळा सोडली. नंतर पर्यटकांच्या बोटीवर, मग म्हापशाला हॉटेलात, मग फरशीच्या कामावर होतो. कुठेच फार टिकलो नाही. मस्कतला तीन वर्षे टिकलो, ते तिथून चालत परत येता येत नाही म्हणून, असे बहीण म्हणते.

मस्कतहून मी दर महिन्याला आईच्या खात्यावर पैसे टाकतो. त्यातून आई आधी लाइट बिल आणि दुकानाचे भागवते, मग पिग्मीवाल्याकडे देते, आणि उरेल त्यात घर चालवते. तिच्याकडे कोणाचे कधी देणे राहिलेले नाही.

मला घराच्या मागच्या बाजूला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधून कायमचे परत यायचे होते. मागच्या गणपतीत सुट्टीवर असताना त्यासाठी मालवणातल्या एका बँकेत कर्ज मागितले. तेथील दिव्या मॅडम यांनी कॉम्प्युटरवर बघून माझे सिबिल कमी असल्याचे सांगितले. म्हापशाला असताना हप्त्यावर मोबाइल घेतला होता, त्याचे शेवटचे हप्ते मस्कतला गेल्यावर राहून गेले होते. तो मोबाइल समुद्रात पडला तेव्हाच हप्तेही बुडाले, असे माझ्या डोक्यात होते. मॅडमनी सांगितले की, आधी ते भरा, बाकी काही नसल्याचे पत्र घ्या, एक छोटी मुदत ठेव ठेवून तिच्यावर कार्ड घ्या, कार्ड थोडेच वापरा आणि तारखेच्या आत पूर्ण भरा, ठिकठिकाणी कर्जाला अर्ज करत सुटू नका, आणि वर्षभराने या. आई सोबत होती. ती बाहेर आल्यावर म्हणाली, "वरीसभर थांबलंस तर घर काय पळान जाणा नाय."

मी राहिलेले हप्ते भरले. वर्षभर थांबणे मला जमले नाही.

जानेवारीत मोबाइलवर सिबिल वाढवून देतो अशी जाहिरात आली. त्या नंबरवर फोन केला तेव्हा बोलणाऱ्याने आपले नाव ओंकार सांगितले. तो मराठीत, गोड बोलत होता. तो म्हणाला, "डायलनभाऊ, स्कोअर म्हणजे व्यायामासारखा असतो. सात दिवसांचं छोटं कर्ज घ्यायचं, वेळेत फेडायचं, परत घ्यायचं. चार-पाच वेळा केलंत की बँक स्वतः तुम्हाला फोन करील." मी बहिणीला ते सांगितले. ती म्हणाली, "बँकेतली बाई फुकट सांगता तां आयकूचा नाय, आणि फोनवरलो पैसे घेता तेका सर म्हणतस." मी फोन ठेवला.

त्याने पाठवलेले ॲप घेतले. ॲपने फोनमधले सगळे नंबर आणि फोटो बघायची परवानगी मागितली. मी प्रत्येक ठिकाणी होय दाबत गेलो. कर्ज घेतले, फेडले, असे काही वेळा झाले. मग बस म्हटले, तर मी न मागताच पैसे खात्यावर आले. तेही मी व्याजासकट परत केले. त्यानंतर बाकी आहे म्हणून फोन सुरू झाले. किती बाकी, ते रोज वेगळे सांगत. मोबाइलवर सिबिल बघितले तर ते होते त्याहून खाली गेले होते.

मार्चपासून माझ्या फोनमधल्या लोकांना फोन जाऊ लागले. फोरमनला मी चोर असल्याचे कळवले. माझा चेहरा लावलेला एक फोटो बहिणीच्या सासऱ्यांना पाठवला. त्यात काय आहे ते मी सांगत नाही. साहेबांना मोबाइलवर दाखवले आहे. सासरे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. बहीण बोलते.

एप्रिलमध्ये मी जुना नंबर बंद केला. नवीन नंबर फक्त बहिणीला आणि आईला दिला. आईचा फोन बटणांचा आहे, त्यावर फोटो येत नाहीत. म्हणून तिला यातले काही कळले नाही, आणि मीही सांगितले नाही. नंबर तिने शेजाऱ्यांकडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतला. त्यानंतर फोन थांबले. मला वाटले, संपले.

आमच्या वाडीत खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, मे महिन्यात लादीन, म्हणजे प्रार्थना होते. दर वर्षी एका घराची पाळी असते. त्या घराने मेणबत्त्या, फुले, उकडलेले चणे आणि थोडे प्यायला, असे करायचे. लादिनीला कोणाला वेगळे आमंत्रण नसते. जो खुरसापुढे उभा राहतो त्याच्या हातात चणे द्यायचेच. तू कोण, कोणाचा, असे त्या वेळी विचारत नाहीत. हिंदू शेजारीही येतात, पर्यटकही उभे राहतात.

यंदा १७ मे रोजी आमच्या घराची पाळी होती. मला सुट्टी नव्हती. म्हणून मी फेसबुकवर खुरसाचा जुना फोटो आणि घराचा नकाशा टाकून लिहिले की, आमच्या घरची लादीन आहे, सगळ्यांनी या, मी नाही पण मम्मी आहे. फेसबुक जुनेच होते. ते बदलायचे माझ्या लक्षात आले नाही.

१७ तारखेला संध्याकाळी मी कामावर परांचीवर असताना नवीन नंबरवर एक फोटो आला. फोटोत माझी आई आणि एक अनोळखी इसम खुरसापुढे उभे आहेत. त्याच्या हातात चण्यांची बशी आहे. आई हसते आहे. आईने केसात अबोली घातली आहे. खाली लिहिले होते, "आई चांगली आहे तुमची." मी खाली उतरलो. कसा उतरलो ते आठवत नाही.

मी आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, तुजो मस्कतचो मित्र इल्लो. तुजो नंबर हरवलो म्हणालो, म्हणान कॅलेंडरावरचो दिलंय. बरो आसा हां तो. बाकडी उचलूक मदत केल्यान. तू कदी एक बाकडा उचललंस?" मी तिला ठीक आहे म्हटले.

आई आजारी असल्याचे कंपनीला खोटे सांगून रजा घेतली आणि मंगळवारी मोपा विमानतळावर उतरून घरी आलो. येताना घराच्या वळणावर एक पांढरी गाडी उभी होती. पर्यटकांचीही असेल. नंबर घेतला नाही. मान वळवून बघायची छाती झाली नाही.

घरी आल्यावर आईने सहज बोलता बोलता सांगितले की, तो इसम लादीन झाल्यावर ओसरीवर बराच वेळ बसला. घर कोणाच्या नावावर आहे, ठेव कुठल्या बँकेत आहे, मुलगी केव्हा येते, मागचा दरवाजा आतून लागतो का, असे त्याने विचारले. आईने सगळे सांगितले. मागच्या दाराची कडी बरीच वर्षे तुटलेली आहे, हेही सांगितले. डायलनचे कर्ज मी पास करून देतो, तुम्ही फक्त घराचे कागद काढून ठेवा आणि सही करा, असे तो म्हणाला. मी तिला विचारले, हे मला फोनवर का नाही सांगितलेस. ती म्हणाली, "तुका सांगू नको म्हणालो. तुका खूश करूचा होता तेका. आता इलंस तर इलंस, रविवारी तो जेवक येतलो आसा, मगे दोगांय बसा आणि काय तां बोला."

त्यानंतर मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. मागच्या दाराला टेबल लावले. आईने ते काढले, कारण कोंबड्यांना दाणे टाकायला तिला तिकडूनच जावे लागते. मी पुन्हा लावले. तिने विचारले, "मस्कतात काय करून इलंस रे?" मी काहीच केले नाही म्हटले. ती हसली नाही.

आज सकाळी ती सुरमई कितीची घ्यायची, रविवारी माणसे किती, असे विचारू लागली तेव्हा मी सिगारेट आणतो म्हणून निघालो आणि रिक्षाने इकडे आलो.

विचारल्यावरून सांगतो की, इसमाचे वय अंदाजे ३५, अंगाने सडपातळ, सावळा, दाढी नाही, निळा शर्ट. फोटो दिला आहे. मी त्याला समोर कधी पाहिलेले नाही. फोनवरचा ओंकार तोच की दुसरा, हे सांगता येत नाही.

जबाब सांगताना मी दोन वेळा उठून खिडकीतून रस्ता पाहिला. ते लिहू नये असे मी म्हटले. झाले ते लिहावे लागते असे साहेबांनी सांगितले.

माझी विनंती आहे की, रविवारी साध्या कपड्यांतले कोणी तरी आमच्या घरात बसावे. माझी रजा गुरुवारी संपते. त्यानंतर घरात आई एकटीच असणार. आईला यातले आधी सांगू नये. सांगितले तर ती त्यालाच विचारेल, की बाबा, खरे काय ते.

पुरवणी : वरीलप्रमाणे जबाब वाचून दाखवण्याचे काम चालू असताना माझ्या मोबाइलवर आईचा फोन आला. साहेबांच्या सांगण्यावरून मी तो स्पीकरवर घेतला. बोलणे झाले ते असे.

आई म्हणाली, "खंय आसस रे? ओंकार इलो आसा. रविवारी जमणा नाय म्हणता, म्हणान आजच इलो."

मी म्हटले, "मम्मी, तू भायर ये. शेजारी शर्मिलाकाकीकडे जा. आत्ता."

आई म्हणाली, "पावण्याक बसवन मी खंय जाव? कढी चुलीर आसा. दुसरो एक गाडीतच बसलो, लाजता वाटता. तेका पण जेवक बोलावलंय. तू येतस मां?"

मी म्हटले, "कागद देव नको. मम्मी, सही करू नको."

त्यावर आईने, "सही? ती मगाशीच..." एवढे म्हटले आणि फोन दुसऱ्याने घेतला. तो म्हणाला, "डायलनभाऊ, सावकाश या. आम्ही बसलोय." हा आवाज जानेवारीतल्या फोनवरचाच होता. फोन बंद झाला. परत लावला असता लागला नाही.

वरील जबाब मी सांगितला तसाच उतरला आहे. आईचे आणि बहिणीचे शब्द त्या बोलल्या तसेच आहेत. पुरवणीपर्यंतचा भाग मला मराठीत वाचून दाखवला, तो बरोबर आहे. पुरवणीही वाचून दाखवतो असे साहेब म्हणाले. मी नको म्हटले, बरोबर आहे, आधी निघूया. गाडी दारात आली आहे. सही उभ्यानेच केली आहे.

समक्ष,
(सही) डायलन का. डान्टस