वहिनीकडचं जेवण

धूळ नको म्हणून वहिनीने तोंडाला ओढणी गुंडाळली होती. बसमध्ये पुढच्याच बाकावर तिचा दीर बसला होता. खाणावळ वेगळी झाल्यापासून, म्हणजे वर्षभर, दोघांत अबोला होता.

"गावात जेवायला कुठे मिळेल हो?" शेजारच्या पाहुण्याने दिराला विचारलं.

"दोनच खाणावळी. चौकातली माझी."

"मग तिथेच येतो!"

"नका येऊ. माझ्याकडे जेवलात तर पुन्हा गावाचं नाव काढणार नाही. तळ्याजवळ वहिनीकडे जा."

"तुम्ही जेवता तिथे?"

"बोलणं नाही आमचं. वर्ष झालं, घास गोड लागलेला नाही."

"आणि त्यांचा चहा?"

"नुसतं गरम पाणी! चहाला माझ्याकडेच या."

मागून आवाज आला, "भावजी, दुपारी जेवायला या. येताना चहाची किटली भरून आणा."