पहिल्या नंबरवरचं ते पान

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, पंचायत समितीचे माजी सभापती आदरणीय मोहनराव. 'माळरान महिला गृहउद्योगा'च्या अध्यक्षा विजयमालाताई. मंचावरची सर्व मान्यवर मंडळी. वडवणी आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून हातातली कामं टाकून आलेल्या माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो,

मी बद्रीनाथ गुरुजी. इथल्या निम्म्या लोकांना मी कधी ना कधी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे, त्यामुळे वेगळी ओळख नको. आज मात्र मी गुरुजी म्हणून उभा नाही. जिचा निरोपसमारंभ आहे, त्या रोहिणीचा बाप म्हणून उभा आहे. विजयमालाताईंनी मला काल निरोप धाडला, "गुरुजी, पाचच मिनिटं बोला, गोड बोला." ताई, मला क्षमा करा. गोड बोलायला मला आवडलं असतं. पण रोहिणीनं घरातून निघताना अट घातली. म्हणाली, "दादा, तुम्ही बोलणार असाल तर भिवरामावशींची गोष्ट सांगा. नाहीतर मी हार घेणार नाही." मी म्हटलं, "अगं, सगळ्यांना माहीत आहे." ती म्हणाली, "माहीत आहे, पण मोठ्यानं कुणी बोललेलं नाही."

तर ते मोठ्यानं बोलायचं काम माझ्याकडे आलेलं आहे. भिवराबाईंना आणि म्हाळूभाऊंना विचारून मी बोलतो आहे, हे आधीच सांगतो.

रोहिणी संभाजीनगरला कॉम्प्युटर शिकून परत आली, तेव्हा आपल्या गटाची जवसाची, कारळाची चटणी वडवणीच्या आठवडी बाजारापलीकडे जात नव्हती. तिनं वेबसाइट काढली. फोटो चांगले, भाव दिलेले, पत्ता दिलेला. आणि गिऱ्हाईक? एकही नाही. मी तिला विचारलं, दुकान मांडलं तरी माणूस कसं येत नाही? तेव्हा तिनं मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. पुण्या-मुंबईचा माणूस फोनवर 'जवसाची चटणी' असं लिहून शोधतो. त्याला शेकडो दुकानं दिसतात, पण तो पहिली चार-पाच पाहतो आणि थांबतो. आपण इतके खाली होतो की तिथवर कुणाचं बोट पोचतच नव्हतं. वर कोण येतं? ज्याच्या पानावर वाचण्यासारखा मजकूर असतो, आणि ज्याच्याकडे दुसऱ्यांची पानं बोट दाखवतात. त्या बोट दाखवण्याला लिंक म्हणतात. वर्तमानपत्रासारख्या मोठ्या माणसानं बोट दाखवलं तर त्याचं वजन जास्त. मला ते पटलं. गावातही असंच असतं, नाही का? पाच प्रतिष्ठितांनी नाव घेतलं की माणूस मोठा होतो. तो कसा आहे हे नंतर कळतं.

रोहिणीनं मजकूर लिहिला. जवस किती भाजायचं, चटणी कशी टिकवायची. मेहनत खूप केली, पण बोट दाखवायला कुणी तयार होईना. तेव्हा तिला ओळखीतल्या कुणी सल्ला दिला की चटणीबद्दल कुणी लिहिणार नाही, माणसाबद्दल लिहितील. गोष्ट दे.

गोष्ट समोरच होती. भिवराबाई आणि म्हाळूभाऊ वर्षानुवर्षं कोयता घेऊन उसाला जात. एका हंगामात गाडी भरताना मोळीसकट म्हाळूभाऊ खाली आले आणि कंबर गेली. तेव्हापासून काठी आली, ऊसतोड सुटली. भिवराबाई गटात आल्या आणि त्यांच्या हातच्या चटणीवर आपला गट उभा राहिला. म्हाळूभाऊ घरी बसून जवस निवडून देत. आजही देतात. खडा सापडत नाही. रोहिणीनं ही गोष्ट जशीच्या तशी आपल्या पानावर लिहिली आणि बातम्यांच्या वेबसाइटवाल्यांना पाठवली.

एकाचा फोन आला. तरुण पोरगा होता, घाईत होता. त्यानं विचारलं, "म्हणजे अपघातात नवरा गेला आणि बाईंनी संसार सावरला, असंच ना?"

रोहिणीनं 'हो' म्हटलं नाही. पण 'नाही'सुद्धा म्हटलं नाही. तो पोरगा म्हणाला, "उद्या लावतो. तुमच्या वेबसाइटची लिंक देतो." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. 'ऊसतोड विधवेची चटणी सातासमुद्रापार.' सातासमुद्रापार सोडा, तेव्हा ती गेवराईपर्यंतही गेली नव्हती. ती बातमी पाहून दुसऱ्यानं छापली, तिसऱ्यानं छापली. प्रत्येकानं खाली आपल्या पानाकडे बोट दाखवलं. आपलं पान वर चढायला लागलं. आणि मग रोहिणीनं ते केलं, ज्याची लाज मला आज इथं उभं राहताना वाटते आहे. बातम्यांशी जुळावं म्हणून तिनं आपल्या स्वतःच्या पानावरचा मजकूर बदलला. 'नवरा जखमी झाला' हे खोडलं, 'नवरा गेला' असं लिहिलं.

आपण पहिल्या नंबरवर आलो.

तुम्हाला आठवत असेल, मी पेढे वाटले होते. बाजारात, एसटी स्टँडवर, जो भेटेल त्याला फोन काढून दाखवत होतो की बघा, माझी मुलगी, पहिला नंबर. जन्मभर पोरांना सांगत आलो की नुसते गुण बघू नका, पेपर वाचा. आणि मी काय केलं? नंबर पाहिला, पानावरचा मजकूर वाचला नाही, बातम्याही वाचल्या नाहीत. ऑर्डरी आल्या, चटणी कुटायला हात पुरेनात. त्या दिवाळीनंतर गावातली काही जोडपी उसाला गेलीच नाहीत, गटातच काम होतं. भिवराबाईंचा मुलगा आणि सूनही थांबली. सगळं खरोखर चांगलं चाललेलं होतं.

मग पुण्याहून एका महिला मंडळाच्या बायका आल्या. चांगल्या बायका होत्या, त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. गाडी करून, फळं घेऊन, भिवराबाईंसाठी साडी घेऊन आल्या होत्या. रस्ता दाखवायला मी आणि रोहिणी बरोबर होतो. मला वाटलं कौतुक करायला आल्यात. दुपारची वेळ होती. भिवराबाई दारात होत्या, म्हाळूभाऊ ओसरीवर सुपात जवस घेऊन बसलेले. पाहुण्यांतल्या एक वयस्कर बाई पुढे झाल्या, त्यांनी भिवराबाईंना जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "फार सोसलंत हो. पदरात लहान लेकरं, आणि ऐन उमेदीत नवरा गेला."

भिवराबाईंनी रोहिणीकडे पाहिलं. रोहिणी जमिनीकडे बघत होती.

मला अजून काही कळलेलं नव्हतं. पण भिवराबाईंना कळलं. त्या म्हणाल्या, "बसा बाई, पानी आनते." आत गेल्या. दार उघडं होतं, मी पाहिलं. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, गळ्यातली काळी पोत झंपरात सारली आणि पदराचं टोक ओलं करून कपाळ पुसलं. मग तांब्या घेऊन बाहेर आल्या.

एका बाईंनी म्हाळूभाऊंकडे पाहून विचारलं, "हे कोण?"

"थोरले दीर हायेत," भिवराबाई म्हणाल्या.

म्हाळूभाऊंनी बायकोकडे पाहिलं, तिच्या कपाळाकडे पाहिलं. काठी धरून उठले, पाहुण्यांना हात जोडले आणि चहा टाकायला आत गेले. बायका चहा प्यायल्या, साडी दिली, फोटो काढले. एकीनं डोळे पुसले. मी त्या घरात पाहुण्यासारखा बसून होतो आणि काय चाललंय ते मला हळूहळू कळत होतं. मीही तो चहा प्यायलो.

गाडी गेली. रोहिणी रडायला लागली. मी म्हाळूभाऊंसमोर उभा राहिलो. तेच बोलले. रागावून नाही, समजावल्यासारखे बोलले. "गुरुजी, आदी सांगितलं असतं तर म्या शेजाऱ्याकडं जाऊन बसलो असतो. तिला कुंकू पुसावं लागलं नसतं."

मंडळी, चाळीस वर्षं मास्तरकी केली. माझ्या अंगावर कुणी ओरडलं नाही असं नाही. पण त्या एका वाक्यानं मला जसं खाली बघायला लावलं, तसं कधीच कुणी लावलं नव्हतं.

घरी आल्यावर मी रोहिणीला विचारलं, "का केलंस?" तिनं काही लपवलं नाही. म्हणाली, "वाटलं, एकदा वर आलो की मग खरं लिहिता येईल. मग ऑर्डरी आल्या. मग धीर होईना." मी म्हटलं, "आणि मावशींना विचारावंसं वाटलं नाही?" ती म्हणाली, "विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या. म्हणूनच विचारलं नाही." हे उत्तर मला आजही नीट पचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभी राहिली आणि काय केलं ते तिनं सांगितलं. पुढे काय करणार तेही सांगितलं. आपलं पान दुरुस्त करणार, आणि ज्यांनी ज्यांनी बातमी छापली त्या प्रत्येकाला कळवणार. विजयमालाताई, तुम्ही तेव्हा म्हणालात, "पान गुपचूप दुरुस्त कर. त्यांना कशाला कळवतेस? लिंका काढून घेतील, आपण खाली जाऊ. बायांच्या हातचं काम जाईल." ताई, तुम्ही चुकीचं बोलला नव्हतात. तसंच झालं पुढे. पण रोहिणी म्हणाली, "त्यांच्या पानावर जोवर तसं आहे, तोवर मावशी विधवाच आहेत."

बायका चिडल्या. काही खोटं लिहिलं म्हणून चिडल्या, काही खरं सांगणार म्हणून. एकीचं नाव घेत नाही, इथं बसलेली आहे. ती म्हणाली, "नुस्तं लिवलंय ना? खराच मेला का त्यो? कशापायी एवढं?"

भिवराबाई म्हणाल्या, "मग माझं काढू द्या आन् तुज्या मालकाचं लिवू द्या."

रोहिणीनं सगळ्या बातमीवाल्यांना कळवलं. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. काहींनी बातमी काढली, तिच्याबरोबर लिंकही गेली. एकानं दुरुस्ती केली. आणि एकानं नवीन बातमी केली, 'चटणी विकण्यासाठी विधवेचं सोंग'. त्यात फोटो भिवराबाईंचा. सोंग कुणी केलं होतं आणि फोटो कुणाचा लागला, बघा. त्या फोटोखाली परक्या माणसांनी काय काय लिहिलं ते मी वाचलं. या वेळी अक्षर न् अक्षर वाचलं. इथं बोलून दाखवण्यासारखं नाही.

आपण खाली घसरलो. पुढची दिवाळी आली तेव्हा गटात काम नव्हतं. थांबलेली जोडपी पुन्हा गाड्यांत बसली. भिवराबाईंचा मुलगा आणि सूनही गेली. तो ट्रक निघाला तेव्हा मी आणि रोहिणी रस्त्यावर उभे होतो. सून वरून म्हणाली, "ताई, घरी जावा, ऊन हाय." ट्रक दिसेनासा होईपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो.

त्यानंतरचं काम तुम्ही पाहिलेलं आहे. रोहिणी रोज गटात येऊन बसायची. बायकांना विचारायची, आणि त्या जसं सांगतील तसं लिहायची. जवस करपलं हे वासावरून कसं ओळखायचं, कारळ कडू का लागतं, पावसाळ्यात चटणीला बुरा आला तर काय करायचं. लोक जे प्रश्न विचारतात त्यांची खरी उत्तरं. आहारशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी ते वाचून आपल्या पानाकडे बोट दाखवलं, न सांगता. मग कुणा स्वयंपाक शिकवणाऱ्यानं दाखवलं. पान हळूहळू सरकलं. आज शोधलं की जी पहिली यादी दिसते तिच्यात आपण आहोत, पण मध्ये कुठेतरी. आपल्यावर इतर आहेत. ऑर्डरी येतात, पूर्वीइतक्या नाहीत. गेल्या हंगामात मात्र भिवराबाईंचा मुलगा आणि सून गावातच राहिली.

पानावर आता नवरा-बायको दोघांचा फोटो आहे. म्हाळूभाऊंनी त्यासाठी धुतलेला पटका बांधला होता. पण ती सोंगाची बातमी अजून तशीच आहे. रोहिणीनं विनंत्या करून पाहिल्या, ती काही निघत नाही. भिवराबाईंचं नाव टाकलं की ती आधी येते, आपलं पान नंतर. उद्या त्यांची नातवंडं आजीचं नाव शोधतील तेव्हा काय दिसेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

रोहिणी आता पुण्याला, पानं वर आणायचं हेच काम करणाऱ्या कंपनीत चालली आहे. तुम्ही तिचं कौतुक केलंत, तिनं गट उभा केला म्हणालात. ते खोटं नाही. बाप म्हणून मला ते ऐकायला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीही लाज वाटली.

निघण्यापूर्वी ती भिवराबाईंकडे गेली होती. मी दारात उभा होतो. तिनं पाय धरले, माफी मागितली. भिवराबाईंनी तिला उठवलं, चहा दिला. म्हणाल्या, "माफ केलं म्हनले तर तू इसरून जाशील, पोरी. म्हनून अजून न्हाई म्हनत." मग डब्यात चटणी भरून दिली, पुण्यासाठी.

आज अध्यक्षांनी बोलावूनही त्या मंचावर आल्या नाहीत. तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, शेजारी म्हाळूभाऊ आहेत. का आल्या, हे मी विचारलेलं नाही.

आपण सर्व वेळात वेळ काढून माझ्या मुलीला निरोप द्यायला आलात, अध्यक्ष महोदयांनी आणि विजयमालाताईंनी पाच मिनिटांचं बोलणं इतकं लांबू दिलं, त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर या म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. तेवढी माफी मी आपणा सर्वांकडे मागतो. दुसरी जी आहे, ती मात्र या सभागृहाकडे मागत नाही. आपण टाळ्या वाजवून ती देऊन टाकाल, आणि ती द्यायचा हक्क तिसऱ्या रांगेतल्या दोघांचा आहे. ते देतील तेव्हा देतील.

नमस्कार.